ऐकणाऱ्यांनी उभारलेले मेटल

हेवी मेटल आणि ऑल्टरनेटिव्ह रॉक यांचा इतिहास सहसा बँडांच्या नावांनी सांगितला जातो. ब्लॅक सॅबथ, आयर्न मेडन, मेटालिका, सेपल्तुरा, निर्वाणा. मग अल्बम, खपाचे आकडे, दौरे, व्यसने आणि अकाली मृत्यू. या मांडणीत श्रोता सगळ्यात शेवटी येतो, तिकीट काढून गर्दीत उभा राहणारा म्हणून. माझे म्हणणे असे की निदान या दोन संगीतप्रकारांपुरता तरी हा क्रम फसवा आहे. साधारण १९७९ ते १९९१ या काळात हे संगीत ज्या वाटांनी जगभर गेले, त्या वाटा मुख्यतः रेकॉर्ड कंपन्यांनी किंवा रेडिओने पाडलेल्या नव्हत्या. त्या पाडल्या शोध घेत ऐकणाऱ्यांनी: याद्या करणाऱ्या, कोऱ्या कॅसेटी भरून पोस्टाने पाठवणाऱ्या, हौशी पत्रिका झेरॉक्स करून वाटणाऱ्या आणि पुढे स्वतःच्या गल्ल्यातले पैसे घालून तबकड्या काढणाऱ्या माणसांनी. त्यांचे काम वगळले तर या इतिहासातल्या बऱ्याच घटनांचा उलगडाच होत नाही.

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाला. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगारवस्तीतली चार पोरे आणि जवळजवळ एका दिवसात उरकलेले ध्वनिमुद्रण. अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्ज या समीक्षकाने त्याची सालटी काढली. तरीही ब्रिटनच्या यादीत अल्बम आठव्या क्रमांकापर्यंत चढला. जाणकार म्हणवणाऱ्यांचे मत आणि लोकांचे कान यांच्यातली ही फारकत पुढे वीस वर्षे मिटली नाही. १९८९ मध्ये ग्रॅमीने पहिल्यांदाच हार्ड रॉक आणि मेटलसाठी पुरस्कार ठेवला आणि तो मेटालिकाला डावलून बासरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या जेथ्रो टल या बँडला दिला. मान्यवर संस्थांना हे संगीत ऐकायचेच नव्हते. मग काय ऐकावे, ते कुठे मिळेल, त्यातले चांगले कोणते, हे ठरवण्याचे काम ऐकणाऱ्यांवर येऊन पडले, आणि त्यांनी ते मनापासून केले.

त्याचा पहिला ठसठशीत पुरावा वायव्य लंडनमधल्या किंग्जबरीत सापडतो. तिथे एका पबला जोडलेल्या हॉलमध्ये ‘बँडवॅगन साउंडहाउस’ नावाने नील के हा डीजे नुसत्या तबकड्या लावून मेटलच्या रात्री भरवत असे. मंचावर बँड नसतानाही पोरे पुठ्ठ्याच्या आणि लाकडाच्या खोट्या गिटारी गळ्यात अडकवून यायची. तिथे श्रोते जी गाणी मागत, त्या मागण्यांवरून के एक क्रमवारी तयार करी आणि ‘साउंड्स’ हे संगीत साप्ताहिक ती छापत असे. देशभरातल्या वाचकांपुढे जाणारी ही यादी दुकानांतल्या खपावर नव्हे, एका हॉलमधल्या फर्माइशींवर बेतलेली होती. आयर्न मेडनने १९७८ च्या शेवटच्या दोन दिवसांत स्वतःच्या खर्चाने चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि ती कॅसेट केच्या हाती दिली. १९७९ मध्ये त्यातले एक गाणे त्या यादीत पहिले आले. बाजारात ते मिळतच नव्हते! लोक मागू लागले तेव्हा बँडने त्यातल्या तीन गाण्यांची ‘द साउंडहाउस टेप्स’ ही छोटी तबकडी हॉलच्याच नावाने काढली. पाच हजार प्रती, टपालाने विक्री. त्याच वर्षाच्या मे महिन्यात ‘साउंड्स’ने या साऱ्या उसळीला ‘ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट’ असे नाव दिले आणि वर्ष संपता संपता ईएमआयने मेडनशी करार केला. कंपनी आली ती मागणी सिद्ध झाल्यावर.

ही लाट इंग्लंडबाहेर गेली ती कॅसेटवरून. फिलिप्सने १९६३ मध्ये बाजारात आणलेली ही डबी मुळात बोलणे टिपून घेण्यासाठी होती. संगीताला पुरेसा दर्जा तिला पुढे आला. ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, नॉर्वे, स्वीडन, जर्मनी, ब्राझील इथल्या काही मंडळींनी तिच्यावर एक टपालजाळे उभे केले. प्रत्येकाकडे आपल्या संग्रहाची टंकलिखित यादी असे: बँडचे नाव, डेमो की मैफल, तारीख, मिनिटे आणि शेवटी आवाजाचा दर्जा. यादीला यादीने उत्तर येई. मग नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट लावायची आणि ती भरेपर्यंत नव्वद मिनिटे थांबायचे. प्रतीची प्रत काढली की खरखर वाढे, झांजांचा आवाज आधी विरे, मग बासचा काठ बोथट होई. तिसऱ्या-चौथ्या हाताला आलेल्या टेपवर कधी कधी नुसता गदारोळ ऐकू येई, आणि त्या गदारोळातूनही गिटारची धून ओळखायची सवय कानाला लागे. टपालखर्च परवडावा म्हणून तिकिटांवर डिंकाचा पातळ थर देत. शिक्का त्या थरावर उमटे, पलीकडच्याने तिकीट पाण्यात धुतले की ते पुन्हा वापरता येई, म्हणून पत्राच्या शेवटी ‘तिकिटे परत पाठव’ अशी ओळ ठरलेली. ही चलाखी बेकायदा होती, पण तिच्यावरून या व्यवहारात कोण होते ते कळते: खिशात फारसे पैसे नसलेली शाळा-कॉलेजातली मुले. फुकटच्या ढिगातून काहीही उचलण्याचा हा प्रकार नव्हता. एका टेपमागे पत्र, पैसे, दीड तास आणि काही आठवड्यांची वाट पाहणे जात असल्याने काय मागायचे याची निवड विचारपूर्वक व्हायची, आणि या निवडीतूनच नवे बँड मोठे झाले.

मेटालिकाच्या जन्मकथेत वादक किती आणि श्रोते किती, हे एकदा नीट पाहावे. लार्स उल्रिक हा डॅनिश मुलगा १९८० मध्ये कुटुंबासह कॅलिफोर्नियात आला, तो ब्रिटिश लाटेतल्या तबकड्यांच्या मागे वेडा झालेला श्रोता म्हणून. १९८१ च्या उन्हाळ्यात तो डायमंड हेड या बँडला ऐकण्यासाठी इंग्लंडला गेला आणि त्यांच्या गायकाच्या घरी मुक्काम ठोकून राहिला. त्याचा मित्र ब्रायन स्लेगल रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता, हौशी पत्रिका काढत होता आणि स्थानिक बँडांचा एक संग्रह स्वतः छापण्याच्या खटपटीत होता. उल्रिकने त्याला विचारले की मी बँड काढला तर त्यात एक गाणे घेशील का. तेव्हा बँड नव्हता! बँडचे नाव आले तेही सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉन क्विंटानाने आपल्या पत्रिकेसाठी काढलेल्या नावांच्या यादीतून. १९८२ मध्ये स्लेगलचा ‘मेटल मॅसेकर’ हा संग्रह निघाला, तेव्हा पहिल्या आवृत्तीवर मेटालिकाच्या नावाचे स्पेलिंगसुद्धा चुकलेले होते. त्याच वर्षीच्या जुलैत बँडने सात गाण्यांची ‘नो लाइफ टिल लेदर’ ही डेमो टेप केली आणि ती टपालजाळ्यात सुटली. ती फिरत फिरत न्यू जर्सीतल्या ईस्ट ब्रन्सविकच्या जुन्या बाजारात रेकॉर्डचा स्टॉल लावणाऱ्या जॉन आणि मार्शा झझुला या दांपत्यापर्यंत पोचली. त्यांनी बँडला देशाच्या दुसऱ्या टोकाहून बोलावून घेतले. कोणतीही कंपनी दारात उभी करीना, तेव्हा कर्ज काढून ‘मेगाफोर्स’ हे लेबल सुरू केले आणि जुलै १९८३ मध्ये ‘किल ’एम ऑल’ हा अल्बम बाजारात आणला. या साखळीत मोठ्या कंपनीचा एकही माणूस नाही. दुकानातला नोकर, पत्रिका काढणारा, स्टॉलवाले जोडपे, आणि ड्रम वाजवायला नुकताच शिकलेला एक चाहता.

हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. फ्लोरिडातल्या चक शुल्डिनरच्या ‘डेथ’चा पहिला अल्बम १९८७ मध्ये आला, पण १९८४ पासूनच्या त्याच्या डेमो टेपा त्याआधीच अटलांटिकपार ऐकल्या जात होत्या, डेथ मेटलची अनेक पोरे अल्बमवर नव्हे, त्या टेपांवर वाढली. ब्राझीलच्या बेलो ओरिझोंतेमध्ये ‘कोगुमेलो’ नावाचे रेकॉर्डचे दुकान होते. १९८५ मध्ये, लष्करी राजवट संपली त्याच वर्षी, या दुकानाने लेबल काढून सेपल्तुरा आणि ओव्हरडोज या दोन गावच्या बँडांची एक सामाईक तबकडी छापली. सेपल्तुरातल्या मॅक्स आणि इगोर काव्हालेरा या भावांना तेव्हा धड इंग्रजी येत नव्हते. चार वर्षांत ते ‘रोडरनर’ या लेबलमार्फत जगाच्या बाजारात होते.

ऑल्टरनेटिव्ह रॉकची मंडळी मेटलवाल्यांकडे बऱ्याचदा नाक मुरडून पाहत. दोघांची यंत्रणा मात्र हुबेहूब एक होती. सिएटलचे ‘सब पॉप’ हे लेबल मुळात ब्रूस पॅव्हिटने १९८० मध्ये ऑलिम्पिया गावात सुरू केलेली हौशी पत्रिका. तिचे काही अंक कागदावर निघालेच नाहीत, सरळ कॅसेटवर निघाले. ‘टच अँड गो’ हे दुसरे महत्त्वाचे लेबल, तीही आधी पत्रिकाच. जॉर्जियातल्या अथेन्समध्ये पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात काम करत असताना गिऱ्हाईक म्हणून येणारा मायकेल स्टाइप त्याला भेटला आणि त्यातून आर.ई.एम. उभा राहिला, त्यांना पहिली काही वर्षे सांभाळले ते कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांवर बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी. वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅबरडीन या लाकूडतोड्यांच्या गावात निर्वाणाच्या कर्ट कोबेनला पंक संगीताची ओळख झाली ती मेल्विन्स बँडच्या बझ ऑसबोर्नने भरून दिलेल्या कॅसेटींमधून. कोबेनच्या गाण्यातली पंकची धार आणि सॅबथसारखी जड गिटार यांची सांगड पाहिली की या कॅसेटींचे मोल कळते. हे दोन प्रवाह एकत्र येऊ शकले, कारण एका श्रोत्याच्या खोलीत दोन्ही कॅसेटी शेजारी शेजारी होत्या.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: संगीत शेवटी हातांनी वाजते, आणि हात वादकांचे असतात. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याचेच पाहा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, पुढे १९७१ च्या अल्बममध्ये तारा चांगल्याच सैल सोडून आवाज खाली नेला, आणि त्या जड आवाजावर अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. हे कर्तृत्व कोणत्याही श्रोत्याचे नाही, हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण अपघातानंतर आयोमी वादन सोडायच्या विचारात होता, आणि कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. राइनहार्टची दोन बोटे आगीत निकामी झाली होती आणि तरी तो तसे वाजवत होता. ऐकलेले वेळेवर दुसऱ्याच्या कानी घालणारा माणूस या कथेतसुद्धा आहे. तो आयोमीच्या बरोबरीचा नाही, पण त्याच्यावाचून आयोमीची कथा तिथेच थांबू शकली असती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: पैसा, एमटीव्ही आणि मोठी कंपनी नसती तर निर्वाणाचे नाव कोणी घेतले असते? त्यांचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम गेफन कंपनीच्या ‘डीजीसी’ लेबलवर २४ सप्टेंबर १९९१ रोजी निघाला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेच्या यादीत खाली ढकलले. यात एमटीव्हीचा वाटा मोठा होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कंपनीला स्वतःला काय अपेक्षित होते? सुरुवातीला अमेरिकेत सुमारे ४६ हजार प्रती पाठवल्या गेल्या. सोनिक यूथ या बँडच्या अल्बमाइतक्या, म्हणजे अडीच लाख प्रती खपल्या तरी गंगेत घोडे न्हाले, असा हिशेब होता. दुकानांतल्या प्रती संपल्या, छपाई मागणीला पुरी पडेना. दहा वर्षांच्या पत्रिका, कॉलेज रेडिओ आणि कॅसेटींनी किती कान तयार करून ठेवले आहेत, याचा अंदाज कंपनीला नव्हता. कंपनीने आणि दूरचित्रवाणीने वेग दिला. तयार रस्त्यावरचा वेग.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो सगळ्यात अवघड. कॅसेट भरून देणे ही चोरीच ना? ब्रिटनच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९८१ मध्ये घरगुती ध्वनिमुद्रणाने संगीत मरते आहे अशी मोहीमच काढली होती, कॅसेटखाली दोन हाडे काढलेले चिन्ह वापरून. आणि एप्रिल २००० मध्ये खुद्द मेटालिकाने इंटरनेटवरून गाण्यांची देवघेव करू देणाऱ्या नॅपस्टरवर दावा ठोकला, मे महिन्यात तीन लाख पस्तीस हजारांहून जास्त वापरकर्त्यांची नावे कंपनीला नेऊन दिली. टेपांवर मोठे झालेल्या बँडने असे करावे याला अनेकांनी दांभिकपणा म्हटले. मला तो शब्द अर्धाच पटतो. टेपांच्या जाळ्यात मुख्यतः फिरत होते ते बाजारात नसलेले संगीत: डेमो, मैफली, आपल्या देशात न मिळणाऱ्या तबकड्या. देणाऱ्याला घेणाऱ्याचा पत्ता माहीत असे आणि एका बैठकीत एकच प्रत निघे. ‘नो लाइफ टिल लेदर’ची प्रत काढणाऱ्याने मेटालिकाचे पैसे बुडवले नाहीत, कारण बुडवायला काही विकतच नव्हते. नॅपस्टरवर मेटालिकाच्या एका अपुऱ्या, कच्च्या गाण्याबरोबर त्यांचे सगळे अल्बम लाखो अनोळखी माणसांकडे जात होते. दोन्ही व्यवहारांना एकच नाव दिले की हा फरक पुसला जातो. तरी बाजारात उपलब्ध असलेले अल्बमही कॅसेटींवर सर्रास भरले जात, आणि त्यात लहान बँडांचे नुकसान झालेच असणार, हे मान्य करायला हवे.

चौथा आक्षेप असा की ही सगळी पोरांची टोळी होती. मुलींना आणि नवख्यांना तिथे प्रवेश अवघड होता. खरे आहे. ‘तुला त्यांचा पहिला डेमो तरी ठाऊक आहे का’ असली परीक्षा घेण्याची खोड या मंडळींना होती, अजून आहे, आणि तिने कितीतरी चांगल्या श्रोत्यांना दारातूनच परत पाठवले. मार्शा झझुलाचे नाव नवऱ्याच्या नावामागे दडपले जाते, हाही त्याच खोडीचा भाग. पण त्याला जे उत्तर मिळाले ते याच साधनांनी मिळाले. १९९१ च्या सुमारास ऑलिम्पियात मुलींनी झेरॉक्सच्या पत्रिका काढल्या, कॅथलीन हॅनाच्या ‘बिकिनी किल’ने स्वतःची कॅसेट स्वतः काढून विकली, मैफलीत मुलींसाठी पुढच्या रांगेत जागा मागितली. ‘रायट गर्ल’ची ही चळवळ कोणत्या कंपनीची परवानगी घेऊन सुरू झाली नाही. यंत्रणा स्वस्त होती म्हणूनच तिच्यातून वगळलेल्यांना ती उचलून आपल्या कामी लावता आली.

मग मुंबईतून त्या काळात सेपल्तुरासारखा बँड का निघाला नाही? माझ्या मांडणीची खरी कसोटी इथे आहे. कॅसेटने ऐंशीच्या दशकात भारताचा संगीतव्यवहार मुळापासून बदलला, एचएमव्हीची मक्तेदारी मोडली; महाराष्ट्रात भीमगीते आणि लोकगीते त्याच डबीतून वस्तीवस्तीत गेली. रॉकचा श्रोताही मुंबईत होता आणि चांगला जाणता होता. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तबकड्या चाळत उभा राहणारा, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडे यादी देणारा, मित्राकडून कॅसेट भरून घेणारा. १९७८ पासून जॅझ यात्रा भरवणाऱ्या धोबी तलावच्या खुल्या रंगभवनात १९८६ साली फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला. १९८४ मध्ये निघालेला ‘रॉक मशीन’ हा बँड स्वतःची गाणी करू लागला, १९८८ मध्ये त्याचा अल्बम आला, १९९३ मध्ये त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्याच १९९३ मध्ये अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक काढले, तेही महानगरातून नव्हे, अलाहाबादेतून.

म्हणजे श्रोता होता, मैफल होती, उशिराने का होईना पत्रिकाही आली. नव्हती ती कोगुमेलोसारखी मधली कडी: तबकडी किंवा कॅसेट स्वतः छापून ती परदेशी धाडू शकणारे दुकान. परकीय चलनावर निर्बंध असलेल्या देशातून पाकिटात चार डॉलर घालून स्वीडनची टेप मागवणे सामान्य मुलाच्या आवाक्यात नव्हते, आयात केलेली गिटार आणि ॲम्प्लिफायर जकातीने महाग. देवघेव एकतर्फी राहिली. बाहेरचे इकडे आले, इकडचे बाहेर गेले नाही. नुसत्या श्रोत्याने बँड मोठा होत नाही, श्रोत्याला दोन्ही दिशांनी देता-घेता यावे लागते, एवढी दुरुस्ती मुंबईच्या अनुभवाने माझ्या म्हणण्यात करावी लागते. २००० नंतर इंटरनेटने ही अडचण संपवली, आणि २००० मध्येच स्थापन झालेल्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या बँडच्या साहिल मखिजाने मुंबईत स्वतःचे लेबलही काढले. झझुला दांपत्याने केले तेच, बऱ्याच वर्षांनी. नेमक्या त्याच सुमारास कॉलेज आणि रुग्णालयांच्या शेजारामुळे शांतता क्षेत्रात मोडणारे रंगभवन मैफलींना बंद झाले.

जे कंपनीने दिले ते कंपनीबरोबर गेले, याचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. इंपीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतून १९७० आणि १९७१ चे दोन अल्बम निघाले आणि देशभरातल्या कॉलेजी बँडांची गाणी त्यांत टिकली. प्रायोजकाचा हात निघाला आणि ती वाट बुजली. पुढे कित्येक वर्षांनी हे अल्बम पुन्हा काढले ते परदेशातल्या संग्राहकांनी, जुन्या बाजारांतून मूळ तबकड्या शोधून. २००२ पासून चाललेल्या ‘एन्सायक्लोपीडिया मेटालम’ या कोशात जगभरच्या लाखाहून अधिक मेटल बँडांच्या नोंदी आहेत, वादकांच्या नावांसह, डेमो टेपांच्या तारखांसह, आणि त्या सगळ्या हौशी मंडळींनी केलेल्या आहेत. ऐंशीच्या दशकातल्या मुंबईच्या बहुतेक बँडांचे ध्वनिमुद्रण बाजारात आलेच नाही. त्यांचा इतिहास लिहायचा तर साधने तेव्हाच्या श्रोत्यांच्या कपाटांत शोधावी लागतील: मैफलीत छोट्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटी, रंगभवनची तिकिटे, हाताने रंगवलेली पोस्टरे. कॅसेटच्या फितीवरचा चुंबकीय थर मुंबईच्या दमट हवेत लवकर सुटतो, त्यामुळे हे काम येत्या काही वर्षांतच करण्याजोगे आहे.